खोटा पंप, उलटा पंप

कामिनीच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप बसवून बारा दिवस झाले होते, तेव्हा तो गेला. गेला तोही भर बांधीत, धानाच्या शेतात चिखलणी चालू असताना. मागचा रोटाव्हेटर गाळात रुतलेला आणि लिव्हर कितीही वर ओढला तरी तो वीतभरही उचलला जाईना. रोटाव्हेटर उचलल्याशिवाय ट्रॅक्टर वळेना, आणि पुढे रेटावा तर चाकं आणखीच खाली जात. शेवटी तिनं इंजिन बंद केलं, चिखलात उतरून चार बोल्ट खोलले, पंप काढला, पिशवीत घातला आणि चिचटोल्याच्या फाट्यावरून एसटीनं लाखांदूर गाठलं.

भय्याजीचं सुट्या भागांचं दुकान लाखांदुरातलं सगळ्यात जुनं. दुकानाच्या उजव्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये धर्मेंद्र मिस्त्री अठरा वर्षांपासून ट्रॅक्टर दुरुस्त करत होता. दुकानातून माल घ्यायचा आणि शेडमध्ये बसवून घ्यायचा, ही तिथली रीतच पडली होती.

कामिनीनं पंप काउंटरवर ठेवला. "बारा दिवस, भय्याजी. बारा दिवस चालला तुमचा पंप. माया ट्रॅक्टर बांधीत उभा हाय."

भय्याजीनं पंप उलटसुलट करून पाहिला. "पंप असा सहजासहजी जात नाही, बाई. तेलात पानी गेलं असन. नाही तं फिटिंगमंदी काही..." त्यांनी शेडकडे तोंड करून हाक मारली, "धर्मेंद्र, इकडं ये जरा. ह्या बाईचा पंप तूच लावला होता ना? काही कमीजास्त झालं होतं का रे?"

धर्मेंद्र हात पुसत आला. पंपाकडे पाहायचीही त्याला गरज नव्हती. बारा दिवसांपूर्वी खोक्यातून काढला तेव्हाच तो हाताला हलका लागला होता. कंपनीच्या पंपावर नंबर धातूत ठोकलेला असतो. ह्याच्यावर नुसता कागद चिकटवलेला होता. बोटानं दांडी फिरवली तर ती आतल्या आत खेळत होती. पंप खोटा होता, आणि पावसाळा लागल्यापासून असा हा तिसरा. तीनही त्यानं मुकाट्यानं बसवले होते.

भय्याजी त्याच्याकडे पाहत होते. त्या नजरेत धमकी नव्हती. उलट, घरच्या माणसाकडे पाहावं तसं ते पाहत होते.

"असन," धर्मेंद्र म्हणाला. "बसवताना रबरी रिंग दबली असन. मायीच चूक."

कामिनी हळू आवाजात म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, माया सासऱ्यानं तुमच्याच हातानं दोन वेळा इंजिन बांधून घेतलं. कधी एक थेंब तेल गळलं नाही. अन् आता रिंग दबली?"

धर्मेंद्र पुन्हा हात पुसू लागला.

"जाऊ द्या," भय्याजी समजुतीनं म्हणाले. "दुसरा पंप घेऊन जा. हा माया खात्रीवर. धर्मेंद्र येऊन लावून देईन."

"दुसरा पन असाच असन ना?"

"असाच म्हणजे?"

"असाच हलका." तिनं पंप पुन्हा पिशवीत घातला. "राहू द्या. मी मोबाइलवर मागवते."

भय्याजी हसले, पण ते हसू त्यांना जड गेलं. "मागवा. आता सगळेच मागवून राहिले. पन बसवून कोन देते, ते पन त्या मोबाइललेच विचारजा."

ती गेली. धर्मेंद्र शेडमध्ये परतला आणि अर्धवट उघडलेल्या एका गिअरबॉक्ससमोर बसला. बराच वेळ त्याला कोणता पाना हवा आहे तेच आठवेना.

भय्याजी वाईट माणूस असता, तर हे सगळं सोपं झालं असतं. सात वर्षांपूर्वी जॅकवरून गिअरबॉक्स घसरला आणि धर्मेंद्रच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. भय्याजीनं चालू दुकान तसंच टाकलं, त्याला आपल्या गाडीत घातलं आणि थेट नागपूर गाठलं. दवाखान्याच्या बाकड्यावर हा माणूस दोन दिवस बसून होता. बोटं वाचली नाहीत. पण पुढे तीन महिने शेड बंद राहिली, तरी भय्याजीनं दुसरा मिस्त्री आणला नाही. "तुया हात बरा होऊ दे," एवढंच ते म्हणत. दुकानाच्या मागच्या दोन खोल्या त्यांनीच राहायला दिल्या होत्या. धर्मेंद्रची मुलगी गुड्डी त्याच खोल्यांत मोठी झाली आणि आता अकरावीत होती. तीन बोटांच्या मिस्त्रीला दुसरीकडे कोण उभं करणार, हे धर्मेंद्रला कोणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला, हर्षाला, घडलेलं सांगितलं. हर्षा लोकांचे कपडे शिवायची. हातातली चड्डी बाजूला ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी खरं बोलले असते तं काय झालं असतं?" तिनं विचारलं.

"तुले माहीत नाही का?"

"माहीत हाय. म्हणून तं विचारून राहिली. तुमी त्या बाईसमोर आपल्या हाताले दोष देला. आता लोक म्हणतीन, मिस्त्रीची बोटं गेली तसं कामही गेलं. मंग ह्या खोल्या असून तरी काय?"

ती म्हणत होती ते त्याच्या आधीच ध्यानात आलं होतं. गप्प बसूनही त्याचंच जात होतं आणि बोलूनही त्याचंच.

कामिनीनं पंप मागवला. पार्सल गावापर्यंत येत नव्हतं. सहाव्या दिवशी कुरियरवाल्याचा फोन आला, की साकोलीला येऊन घेऊन जा. ती एसटीनं साकोलीला जाऊन खोकं घेऊन आली. इकडे चिचटोल्यात पऱ्हे महिन्यावरचे झाले होते. धानाची रोपं वेळेत रोवली नाहीत तर वाफ्यातच गाठी धरायला लागतात आणि मग उत्पन्न जातं. गावात आणखी दोन ट्रॅक्टर होते, पण ते आपापल्या मालकांच्या बांध्यांत गुंतलेले. कामिनीच्या ट्रॅक्टरवर तिची स्वतःची जमीन आणि आणखी अकरा घरांची चिखलणी अवलंबून होती. तिचा नवरा निकेश हैदराबादला कारखान्यात होता. ट्रॅक्टर तीच चालवायची.

तिनं आधी दोन मिस्त्र्यांना फोन केले. एक म्हणाला, वेळ नाही. दुसरा म्हणाला, बाहेरचा माल आपण बसवत नाही. भय्याजीनं कोणाला फोन करून काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. आसपासचे सगळे मिस्त्री त्यांच्याच दुकानातून बेअरिंगं आणि रिंगा नेत, आणि भय्याजीला काय आवडणार नाही हे प्रत्येकाला न सांगता ठाऊक होतं.

मग तिनं धर्मेंद्रला फोन केला.

"मले नाही येता येत, बाई," तो शेडच्या मागे जाऊन हळू बोलला. "तुमाले समजते ना?"

"समजते. पन एक सांगू? तुमी तो पंप खोक्यातून काढला तेव्हा हातात तोलून पाह्यला होता. मी तिथंच उभी होती. तुमाले तेव्हाच माहीत होतं."

धर्मेंद्रनं मागे वळून दुकानाकडे पाहिलं.

"मी भय्याजीले काही म्हणत नाही," ती म्हणाली. "तुमाले पन काही म्हणत नाही. पन बसवाले तुमीच या."

त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडताना त्यानं जायचं ठरवलं. दुकानात जाऊन तो भय्याजीला म्हणाला, "आज सुट्टी पाहिजे होती. साळा बिमार हाय. आंधळगावले जाऊन येतो."

"काय झालं त्याले?" भय्याजीनं काळजीनं विचारलं.

"ताप. उतरूनच नाही राहिला."

"मंग बसनं कायले जातं? बसनं आंधळगाव म्हणजे दिवस मोडते. मायी गाडी घेऊन जा." त्यांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

"नको, भय्याजी. बसनंच..."

"अरे घे ना. पेट्रोल फुल हाय. अन् दवाखान्यात न्या लागलं त्याले तं मले फोन कर. लाजू नको."

नाही म्हणायला काही कारणच उरलं नाही. धर्मेंद्रनं किल्ली घेतली. गाडीच्या पुढच्या पाटीवर लाल अक्षरांत दुकानाचं नाव होतं. आजूबाजूच्या तीस गावांत ती गाडी कोणीही ओळखली असती.

फाट्यावर येऊन तो थांबला. सरळ गेलं तर मोठा रस्ता, तिथून पुढे आंधळगाव. डावीकडे चिचटोला, आठ किलोमीटर. क्षणभर त्याच्या मनात आलं, की खरंच आंधळगावला जावं. साळ्याच्या, म्हणजे हर्षाच्या भावाच्या, घरी चहा प्यावा आणि परत यावं. म्हणजे निदान अर्धं तरी खरं होईल. मागून एसटी आली, भोंगा वाजवून पुढे गेली. त्यानं गाडी डावीकडे वळवली.

चिचटोल्यात पोचल्यावर गाडी त्यानं ग्रामपंचायतीच्या भिंतीमागे लावली आणि हत्यारांची पिशवी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, बांधीवर गेला. ट्रॅक्टर मागची चाकं गाळात घालून तसाच उभा होता. त्याच्यावर बगळे बसले होते. धुऱ्यावर रोवणीच्या बायका बसून होत्या. त्यांची पुढारीण सुमनबाई तोंडात तंबाखू धरून बोलली, "आले वं मिस्त्री. आता हे तरी लावा बरोबर."

बायका हसल्या. धर्मेंद्रनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कामिनीच्या सासऱ्यांनी, परसरामनी, त्याला बसायला पोतं अंथरून दिलं. कामिनीनं खोकं आणलं. अजून उघडलेलं नव्हतं. धर्मेंद्रनं पट्टी कापली आणि पंप बाहेर काढला. पंप अस्सल होता. नंबर धातूत ठोकलेला, दांडी घट्ट, पृष्ठभाग स्वच्छ. मनातल्या मनात त्याला बरं वाटलं. मग त्यानं पंप फिरवून बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?" कामिनीनं विचारलं.

पंपाच्या अंगावर बाण कोरलेला होता. त्यानं त्यावर बोट ठेवलं. "हा बाण पाहा. हा डावीकडं फिरनारा पंप हाय. तुमच्या इंजिनाले उजवीकडं फिरनारा लागते. हा लावला तं तेल ओढनारच नाही."

"पन मी तं ट्रॅक्टरचं नाव, साल, सगळं बरोबर टाकलं होतं!" तिनं मोबाइल काढून दाखवला. खरंच, सगळं बरोबर होतं. फक्त कंपनीचे दोन पंप होते आणि दोन्हींना एकच फोटो लावलेला होता. तिनं परत पाठवण्याचं बटण दाबून पाहिलं. आठ ते दहा दिवस, असं आलं. मग पुन्हा नवा यायला सहा दिवस.

परसराम धुऱ्यावर खाली बसले. "झालं. गेला हंगाम."

धर्मेंद्र पंप हातात घेऊन उभा होता. इथून निघून जाणं त्याला सहज जमलं असतं. पंप चुकीचा आला, ह्यात त्याचा काय दोष? संध्याकाळपर्यंत तो लाखांदूरला असता, आणि साळ्याचा ताप उतरला असता. पण तोंडातून निघून गेलं, "एक उपाय हाय."

"कोन्ता?"

"पंप खोलायचा. आतले दोन गिअर अदलाबदल करायचे, झाकन फिरवून लावायचं. मंग तो उजवीकडं फिरते. पन खोलला तं सील तुटते. कंपनी परत घेणार नाही. अन् चालनच असं मी म्हणत नाही. हे काम मी एकदाच केलं हाय. धा वर्साआधी. तेव्हा मायी दाही बोटं होती."

कामिनीनं बांधीकडे पाहिलं, वाफ्यातल्या पिवळ्या पडत चाललेल्या पऱ्ह्यांकडे पाहिलं, आणि मग त्याच्या हाताकडे. "दोन बोटं मायी घ्या," ती म्हणाली. "खोला."

काम तिच्या घराच्या ओसरीवर झालं, कारण चिखलाचा एक कण जरी आत गेला तरी पंप संपला असता. परसरामनी स्वच्छ धोतर अंथरलं. धर्मेंद्रनं बोल्ट एकेक करून सैल केले, क्रमानं मांडले, आणि झाकण अलगद उचललं. बारीक रिंगा काढायच्या वेळी त्याचा हात अडायचा. तिथे कामिनी आपली नखं घालायची आणि तो फक्त सांगायचा, "हळू. अजून हळू. आता वर." दोन तास लागले. सुमनबाई नि तिच्या बायका एकेक करून अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

दुपारी पंप ट्रॅक्टरवर चढला. धर्मेंद्रनं तेल भरलं, पाइप घट्ट केले आणि कामिनीला खूण केली. इंजिन सुरू झालं. तिनं लिव्हर ओढला.

काहीच झालं नाही.

"हवा असन," तो म्हणाला. त्यानं पाइपाचा नट थोडा सैल केला. आधी फेस आला, मग फुसफुसत हवा, मग तेलाची बारीक धार. त्यानं नट आवळला. "पुन्हा ओढा."

रोटाव्हेटर हलला. मग चिखलातून ओढल्यासारखा आवाज करत हळूहळू वर आला, आणि त्याच्या पात्यांवरून गाळ खाली ओघळू लागला. बायकांनी एकदम गलका केला. परसराम मोबाइल वर धरून उभे होते. हैदराबादला निकेशला दाखवण्यासाठी ते व्हिडिओ काढत होते.

कामिनी ट्रॅक्टर पुढे घेऊन निघाली. तेवढ्यात सुमनबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्रीभाऊ, असा उलटा पंप तुमी सुलटा केला. मंग पहिला पंप तुमच्या हातानं कसा बिघडला? रिंग दबली म्हणे?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. चिखलानं माखलेला, घामानं ओला, तो तिथे उभा होता. कोणी त्याला बोलायला भाग पाडत नव्हतं. पण आठवडाभर दाबून ठेवलेलं ते आपोआप बाहेर आलं.

"रिंग नव्हती दबली. माया हात नव्हता चुकला. पंपच खोटा होता."

परसरामचा मोबाइल चालूच होता.

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी व्हिडिओ मुलाला पाठवला. निकेशनं मोठ्या कौतुकानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. गावाच्या ग्रुपवरून तो दुसऱ्या गावात गेला. धर्मेंद्र भय्याजीच्या गाडीवरून घरी पोचायच्या आत व्हिडिओ लाखांदुरात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली. भय्याजी चष्मा लावून बिलं लावत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "साळा बरा हाय?"

धर्मेंद्र उभा राहिला.

"बस," भय्याजी म्हणाले. तो बसला नाही. भय्याजी उठले, त्याला मागच्या गोदामात घेऊन गेले आणि एका कपाटाचं दार उघडलं. आत खोकी रचलेली होती. "हे पाय. कंपनीचे पंप जानेवारीपासून दोन आले. दोन! लोक दारात येतात, मोबाइल दाखवतात. भय्याजी, इथं तं इतक्याले भेटून राहिला, तुमी काहून जास्त सांगता? मी त्या भावात कुठून देऊ? कंपनी मलेच त्या भावात देत नाही. नागपूरचा व्यापारी म्हणाला, हा घ्या, दिसाले तोच हाय. घेतला. नाही घेतला असता तं दुकान कधीच बंद झालं असतं. अन् दुकान बंद झालं असतं तं तुयी शेड कुठं असती?"

"मंग खोक्यावर कंपनीचं नाव काहून?" धर्मेंद्रनं विचारलं. अठरा वर्षांत भय्याजीला त्यानं विचारलेला असा हा पहिलाच प्रश्न.

भय्याजीनं खिशातून मोबाइल काढला. "जे झालं ते झालं. मी तुले काही म्हणत नाही. फक्त एक काम कर. ऑनलाइनचा पंप उलटा आला होता, खरं का खोटं?"

"खरं."

"सील तोडा लागली, आता कंपनी वापस घेणार नाही, खरं का खोटं?"

"खरं."

"मंग तेवढंच सांग मोबाइलसमोर. तुले एक शब्द खोटा बोलाले नाही लावत मी. जे झालं तेच सांग."

धर्मेंद्रनं त्या मोबाइलकडे पाहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणूनच त्याला सुटायची वाट दिसेना. एवढं बोललं की सगळं पूर्ववत होणार होतं. शेड, खोल्या, गुड्डीचं कॉलेज. लोक म्हणणार होते, पाहा, ऑनलाइनवाले फसवतात. आणि कपाटातली खोकी एकेक करून बांध्यांमध्ये जाणार होती.

"अर्धं नाही सांगत मी, भय्याजी," तो म्हणाला. "सांगीन तं दोन्ही सांगीन."

भय्याजीनं मोबाइल खिशात घातला. मग कपाटाचं दार लावलं. "बाकड्यावर बसलो होतो मी दोन दिवस," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळे धर्मेंद्रला ते जास्त लागलं. "पोळा झाला का खोल्या पाय दुसऱ्या."

शेड सोडायला मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगू शकत नव्हते. शेडसमोर नऊ ट्रॅक्टर उभे होते, रोवणीचा हंगाम होता, आणि दुसरा मिस्त्री कुठून आणणार? धर्मेंद्रही जाऊ शकत नव्हता. त्यातले सहा ट्रॅक्टर त्याच्याच हातानं उघडलेले होते. तसे त्या एकाच आवारात दोघं रोज समोरासमोर राहिले. भय्याजी सामान काउंटरवर ठेवत, तो उचलून नेई. दोघांत एक शब्द होत नसे. दुपारी भय्याजीच्या घरून शेडमध्ये चहा यायचा, तो तसाच येत राहिला. धर्मेंद्र तो प्यायचा आणि कप धुऊन परत पाठवायचा.

हर्षा खोल्या शोधायला दोन दिवस फिरली. एका घरमालकानं आडनाव विचारलं आणि खोली भरली म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, भय्याजीशी भांडले तेच का तुमचे मालक? ती परत आली आणि मशीनवर बसली. नवऱ्याला दोष दिला नाही. "तुमी बोलले ते बरं केलं," एवढंच म्हणाली. पण म्हणताना तिचं लक्ष भिंतीवरच्या फळीकडे होतं, जिथे गुड्डीची पुस्तकं होती.

त्या पंधरा दिवसांत तीन शेतकरी खोटे पंप घेऊन परत आले. भय्याजीनं हुज्जत न घालता ते परत घेतले. नंतर कपाटातली खोकी फाडली आणि पंप तसेच उघडे काउंटरवर मांडले. कोणी विचारलं की सांगायचे, "हा डुप्लिकेट. कंपनीचा पाहिजे तं थांबा, कधी येते मले माहीत नाही." आणि एका सकाळी, धर्मेंद्र बेअरिंग न्यायला आला तेव्हा त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "खोल्या शोधू नको. तिथंच राहा." माफी त्यांनी मागितली नाही आणि त्याला माफही केलं नाही. धर्मेंद्रनं मान हलवली आणि बेअरिंग घेऊन गेला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कामिनीचा पंप चालला. सीलजवळून थोडं तेल झिरपायचं, पण अकरा घरांची चिखलणी झाली. तिची स्वतःची बांधी सगळ्यांत शेवटी रोवली गेली, आणि पऱ्हे म्हातारे झाल्यामुळे धान विरळच उभं राहिलं. तिनं ते धर्मेंद्रला फोनवर सांगितलं तेव्हा तक्रारीचा सूर नव्हता.

धर्मेंद्रला वाटत होतं, आता खरं उघड झालं, तर खोटा पंप कोणी घेणार नाही. रोवणी संपत आली असताना एक दिवस कोंढ्याहून इश्वर नावाचा शेतकरी आला. उंच, उन्हानं रापलेला, पायात चिखलाचे बूट. त्यानं काउंटरवरचा पंप उचलला आणि शेडमध्ये घेऊन आला.

"हा डुप्लिकेट हाय, भाऊ," धर्मेंद्र म्हणाला.

"माहीत हाय. भय्याजीनं सांगतलं."

"ऑनलाइन मागवा. अस्सल भेटन."

"कधी भेटन?"

"आठवडा लागन. अन् उलटा आला तं अजून पंधरा दिवस."

"मंग?"

धर्मेंद्रनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं, "किती दिवस चालन ते मले नाही सांगता येत. चार दिवस चालन, नाही तं चार महिने."

इश्वरनं शेडबाहेर उभ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. ट्रॉलीत पऱ्ह्यांच्या जुड्या रचलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर ओलं पोतं टाकलेलं होतं. "चार दिवस चालला तरी माया रोवना होते," तो म्हणाला. "बसवा, मिस्त्रीभाऊ. घाई करा जरा, बाया बांधीत वाट पाहून राहिल्या."

धर्मेंद्र खाली बसला आणि जुन्या पंपाचा पहिला बोल्ट सैल करू लागला.